दुपारचं झाकण

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अलिबागला दातांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसले होते. फोन पारूबाईचा होता. आमच्या वाडीतलं शिंपण, पाला-झावळ्या गोळा करणं, नारळ मोजून ठेवणं, सगळं तीच बघते. ती कधी फोन करत नाही, त्यामुळे तिचं नाव दिसताच मी खुर्चीतून उठले. "ताई, बेगीन घरा या," ती म्हणाली. "दादा गोठ्यान…" आणि खोटं कशाला सांगू, मी तिला पहिला प्रश्न विचारला तो 'आग लागली का?' हा. "न्हाय गो ताई, आग न्हाय," पारूबाई रडत म्हणाली, "दादा स्टुलावर बसलंत, नि उठत न्हाईत." मी जिना कसा उतरले, रिक्षा कुणी थांबवली, आठवत नाही. एवढंच आठवतं की आग नाही हे ऐकून मला क्षणभर बरं वाटलं होतं, आणि चौलपर्यंतच्या रस्त्यात त्या बरं वाटण्याची मला लाज वाटत राहिली.

पुढच्या दिवसांत भेटायला माणसं येत होती. सगळ्यांचा प्रश्न एकच, एवढ्या उन्हात ते गोठ्यात कशाला गेले होते? मी सांगायची, गाडी बघायला, दुसरं काय. लोक मान हलवायचे. दादाचं त्या जुन्या गाडीचं वेड पंचक्रोशीला ठाऊक होतं, त्यामुळे उत्तर सहज पटायचं. पण ते अर्धंच खरं होतं. दादा त्या दुपारी, आणि त्याआधीच्या कित्येक दुपारी, गोठ्यात जात होता तो त्याच्या मुलीसाठी, मेघनासाठी. मेघना बाळंतपणाला माहेरी आली होती. याआधी दोनदा तिच्या पोटातलं मूल राहिलं नव्हतं. तिसऱ्यांदा सातवा महिना गाठला होता, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की हिला आराम द्या, मनाला त्रास होईल असं काही कानावर घालू नका. आता वडीलच गेले म्हटल्यावर त्रास कसा चुकवणार? पण ते आपल्यासाठी त्या भट्टीत जाऊन बसत होते, हे तरी तिला कळू नये, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. दादाच्या मृत्यूचं दुःख करायलाही मला त्या दिवसांत सवड झाली नाही. मी नुसती पहारा देत होते.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ श्रीधर. वाडीत आमची दोन घरं, मधे विहीर. मी शाळेतून निवृत्त झाले आणि यजमान गेल्यावर इथे येऊन राहिले. तो कारखान्यातून निवृत्त होऊन, वहिनी गेल्यावर, इथे एकटा होता. आयुष्यभर त्याने सुरक्षा अधिकारी म्हणून काम केलं. रसायनांच्या टाक्या, नळ्या, झडपा आणि त्यांच्याजवळ वावरणारी माणसं सांभाळायची, हे त्याचं काम. काळजी करायचा त्याला पगार मिळत होता आणि मी ती फुकट करते, असं तो म्हणायचा. माझा स्वभाव जन्मजात काळजीखोर आहे, हे मी नाकारत नाही. गॅसचं बटण बंद केलं की नाही हे बघायला मी फाटकापासून परत येते. तो मला चिडवायचा, "शुभे, तू आमच्याकडे नोकरीला असतीस तर माझ्याआधी तुला बढती मिळाली असती."

गाडी आमच्या वडिलांची. आप्पा डॉक्टर होते, आणि रेवदंड्यापासून नागावपर्यंत त्या काळ्या, गोल पाठीच्या इंग्लिश गाडीतून रोगी बघायला जायचे. ती बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. आप्पा गेल्यावर गाडी गोठ्यात ढकलली, वर नारळाच्या झावळ्यांची झापं टाकली, आणि ती तिथेच राहिली. आधी गाई गेल्या, मग बैल गेले, पण त्या जागेला आम्ही गोठाच म्हणत राहिलो. वहिनी गेल्यानंतरच्या दिवाळीत दादाने झापं काढली. पत्रा हात लावू तिथे गळत होता. खाऱ्या हवेनं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. मला वाटलं, चार दिवस माणसाचं मन रमेल आणि मग भंगारवाला येईल. भंगारवाला आला नाही. उलट पनवेल, पुणे, कुठून कुठून खोकी यायला लागली. दादा सकाळचा चहा घेऊन गोठ्यात शिरायचा तो जेवायच्या हाकेलाच बाहेर यायचा, हातांना ग्रीस, कपाळाला ग्रीस. मला बरं वाटायचं आणि भीतीही वाटायची. त्याच्या हृदयात आधीच स्टेंट बसवलेला होता, आणि गोठा माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. पेट्रोलचा वास आला की मी बंबाची चूल विझवून टाकायची. मग अंघोळीला पाणी थंड म्हणून तोच ओरडायचा.

सगळ्यात जास्त दिवस गेले ते पेट्रोलच्या टाकीत. आतून ती गंजाने भरलेली होती. गंज खरवडायला आत हात जाईना. तेव्हा दादाने काय करावं… टाकीत बारीक खडी भरली, तोंडाला बूच मारलं आणि ती आमच्या बंद पडलेल्या रहाटाच्या चाकाला दोरखंडाने बांधली. ज्या रहाटाने एके काळी सुपारीला पाणी जायचं, तो रहाट दादा आणि पारूबाई आळीपाळीने हाताने फिरवत होते आणि टाकीत खडी खडखडत होती. बाजूच्या वाडीतले लोक बघायला आले. पारूबाई म्हणाली, "दादा, बैल व्हते तवा तुमी हापिसान व्हता, आता बैल न्हाईत तं तुमी आलात." दादा इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मी लगेच त्याच्या छातीवर हात ठेवायला धावले. तो म्हणाला, "हसू दे गं जरा."

टाकीवरून तो आम्हाला एक गोष्ट सांगायचा. लग्नकार्यात, मुंजीत, कुठेही. आम्हाला ती पाठ झाली होती. तो नोकरीत नवीन असताना, कारखान्यातल्या एका उंच टाकीला रंग देत होते. रंगाऱ्यांनी टाकीच्या माथ्यावरच्या हवेच्या नळीवर प्लास्टिक बांधलं, रंग आत जाऊ नये म्हणून. हेतू चांगला. नंतर ते काढायचं राहिलं. कुणीतरी टाकीतलं द्रव पंपाने खाली काढायला सुरुवात केली, आणि एवढी मोठी पोलादी टाकी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आत चेपत गेली. कुणाला लागलं नाही. पण दादा म्हणायचा, टाकी फुटते याची भीती सगळ्यांना असते, ती श्वास कोंडूनही मरते हे कुणाच्या ध्यानात येत नाही. जेवढं बाहेर जाईल तेवढी हवा आत यायला हवी, आणि उन्हाने आत वाफ वाढली तर तिला बाहेर पडायला वाट हवी. म्हणून गाडीच्या टाकीचीही हवेची नळी त्याने नवीन करून घेतली. करंगळीएवढी तांब्याची नळी, टाकीच्या माथ्यावरून निघून मागच्या चाकाच्या वर उघडणारी. मूळचं झाकण, ज्याला स्वतःचं भोक होतं, ते हरवलेलं होतं. बाजारात मिळालं ते घट्ट बसणारं. त्यामुळे सगळा श्वास त्या एका नळीवर.

थंडीत गाडी चालू झाली. त्या दिवशी दादाने नारळ फोडला आणि मला शेजारी बसवून रेवदंड्याच्या बंदरापर्यंत नेऊन आणलं. लोक वळून बघत होते. एक म्हातारे गृहस्थ हात जोडून उभे राहिले. त्यांना वाटलं असेल, डॉक्टर आले. परत येताना दादाने गाडी दोनदा उगाच थांबवली आणि चष्मा पुसला. नंतर काही दिवसांनी मेघना आली. तिचा नवरा बोटीवर, तो सुटी काढून ऐन वेळेला येणार. मेघना आल्यापासून गाडी गोठ्यातच राहिली, कारण दादाचं सगळं लक्ष तिच्याकडे. ती जिन्यावर असली की हा खाली उभा. ती खोकली की हा बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र खाली ठेवायचा. मनातलं तो कधी बोलायचा नाही. पहिल्या दोन वेळेला काय झालं याचा उच्चार त्या घरात कुणीच करत नव्हतं, आणि आम्ही तिघंही दिवसभर तेवढाच विचार करत होतो.

फाल्गुनातली गोष्ट. दादा म्हणाला, बॅटरी उतरेल, एक चक्कर मारून येऊ. आम्ही दोघं काशीदच्या दिशेने निघालो. रेवदंड्याचा पूल ओलांडला तोवर गाडी झकास होती. पुढे चढ लागला आणि तिने आचके दिले. मग बंद. मागून पर्यटकांच्या गाड्या, एकेकाचा भोंगा. दादा उतरला आणि बॉनेट उघडून बघायला लागला. ऊन मी म्हणत होतं, त्याचा सदरा पाठीला चिकटला होता आणि ओठांचा रंग मला आवडेना. मी पर्समधली जिभेखाली ठेवायची गोळी हातात घेऊन बसले होते. पंप ठीक, ठिणगी ठीक. थोड्या वेळाने गाडी आपोआप चालू झाली, आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा बंद. तेव्हा तो काहीतरी आठवल्यासारखा मागे गेला आणि त्याने टाकीचं झाकण फिरवलं. इतका मोठा, लांबलचक सुस्कारा आला की मी आत बसून दचकले. टाकी हवा आत ओढत होती. दादा मागून ओरडला, "शुभे, गुदमरत होती गं ही." त्याचा चेहरा एकदम उजळला होता. घरी येईपर्यंत तो अधूनमधून थांबून झाकण उघडत होता आणि लावत होता. मी मात्र ती गोळी घरी पोचेपर्यंत मुठीतून सोडली नाही.

घरी आल्यावर गोणपाट टाकून तो गाडीखाली शिरला. हवेच्या नळीचं तोंड चिखलाने बंद झालेलं होतं. कुंभारणीने तिथे घर केलं होतं. आमच्याकडे ही पातळ कमरेची माशी कुठेही मातीचं घर बांधते. कुलपात, विजेच्या खोबणीत, पुस्तकाच्या पाठीवर. दादाने तार मागितली. पारूबाई तार घेऊन आली, वाकून बघितलं आणि तार मागे लपवली. "दादा, त्याला हात न्हाय लावाचा. घरान पोटुशी लेक हाय. कुंभारनीनं घर केला म्हंजे पोर येनार. तो मोडाचा नसते." दादा गाडीखालून बाहेर आला. आयुष्यभर त्याने असल्या गोष्टींची टर उडवली होती. आमच्या आईशी तर तो याच्यावरून कडाकडा भांडायचा. आता तो पारूबाईला काहीतरी सुनावणार, एवढ्यात मागे पडवीत मेघना उभी असलेली दिसली. तिनं सगळं ऐकलं होतं. ती औषधशास्त्र शिकलेली, नव्या मुंबईत कंपनीत नोकरी करणारी मुलगी. ती म्हणाली, "बाबा, मला कळतंय, त्यानं काही होत नाही. तरी नको."

दादाने तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बरं."

एवढंच. रात्री मेघना निजल्यावर मी त्याला छेडलं की आईसमोर असा शहाणा झाला असतास तर तिचं निम्मं आयुष्य सुखात गेलं असतं. तो हसला नाही. म्हणाला, "नळी साफ करायला मला एक मिनिट लागेल. पण पुढचे महिने तिच्या मनात जे चालेल, तिथे कुठली तार घालू?"

पण नळी बंद आणि चैत्र तोंडावर आलेला, म्हणजे टाकीचा प्रश्न होताच. पेट्रोल काढून टाक, मी म्हटलं. तो म्हणाला, रिकाम्या टाकीत वाफ जास्त, ती भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. शिवाय या हवेत आतून पुन्हा गंज. मग झाकण सैल करून ठेव. तर वास सुटणार, आणि पेट्रोलच्या वासाने मेघनाला मळमळायचं. झाकण घट्ट ठेवावं तर दुपारच्या पत्र्याच्या तापाने आत वाफ कोंडणार, ती पेट्रोलला पुढे ढकलणार आणि इंजिनाकडून ठिबक सुरू होणार. एकदा तसं ठिबकलेलं त्याने पाहिलंही. त्याने यावर कारखान्यात काढावा तसा तोडगा काढला. शेवग्याच्या फांदीला कापडाची चिंधी बांधली. दुपारी खारा वारा सुटला की चिंधी रस्त्याच्या बाजूला उडायची, म्हणजे गोठ्यातला वास घराकडे न येता परस्पर बाहेर जाणार. मेघनाची वामकुक्षीची वेळही तीच. तेवढ्यात दादा गोठ्यात जायचा, झाकण हळूहळू सैल करायचा, वाफ जाऊ द्यायचा, स्टुलावर बसून थांबायचा, मग झाकण घट्ट लावून यायचा. रोज. माशी उडून जाईपर्यंत. नळीला हात लागणार नाही, पोरीला वास येणार नाही, आणि घराला धोका नाही.

माझी काय अवस्था होत असेल, विचारू नका. मी खिडकीत उभी राहून त्याची वाट बघायची. वाफ म्हणजे आगीला आमंत्रण, हे मला त्यानेच शिकवलेलं. तो वेळ माझ्या घरात काडी पेटत नसे. आणि त्याचं हृदय… पत्र्याखाली त्या वेळेला माणसाला उभं राहवत नाही. मी म्हटलं, मी करते, तू घरात बस. तो म्हणाला, "तुझा हात थरथरतो. झाकणाचा आटा बिघडवशील." भांडले, अबोला धरला, मेघनाला सांगेन अशी धमकीसुद्धा दिली. तेव्हा मात्र तो गंभीर झाला. "तिला सांगितलंस तर ती ते मातीचं घर मोडू देईल, आणि मग उद्या काही झालं तर आयुष्यभर स्वतःला दोष देईल. सांगू नकोस." मी तोंड मिटलं.

त्या दिवशी सकाळी विहिरीवर आमचं शेवटचं बोलणं झालं ते माझ्या दाताबद्दल. दाढ काढून टाक, तेवढीच एक काळजी कमी होईल, असं म्हणाला. मी अलिबागला गेले. दुपारी वारा सुटला, तो गोठ्यात गेला आणि स्टुलावर बसल्या बसल्या गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय, आणि वर उन्हाचा ताप. घरी पोचले तेव्हा त्याला ओसरीवर निजवलं होतं. उशाशी दिवा, उदबत्त्या, बायकांची गर्दी. मी रडत असतानाच माझ्या डोक्यात लख्ख आलं, झाकण. टाकी उघडी असेल आणि इथे दिवा तेवतोय. मी सगळ्यांमधून उठून धावत गोठ्यात गेले. लोकांना वाटलं, हिला दुःख सहन होत नाही. मी गाडीच्या मागे गेले आणि हात लावून बघितलं. झाकण घट्ट बसवलेलं होतं. छातीत दुखत असताना त्याने आधी झाकण लावलं होतं आणि मग तो बसला होता. मी त्या झाकणावर डोकं टेकलं आणि मोठ्याने रडले. भावासाठी असं मोकळेपणी रडले ती तेवढीच.

दुसऱ्या दिवसापासून ते काम माझ्याकडे आलं. घरात सुतक, माणसांची ये-जा, आणि चिंधी रस्त्याकडे उडाली की मी काहीतरी निमित्त काढून गोठ्यात. हात थरथरायचे, आटा एकदा वाकडा बसलाच. फुस्स करून वाफ यायची, वास नाकात शिरायचा आणि मी डोळे मिटून उभी राहायची. सगळं शक्य तितकं गुपचूप. मेघना आतल्या खोलीत आडवी असायची; ती जागी होऊ नये म्हणून मी गोठ्याचं लाकडी दार ओढायचीसुद्धा नाही, नुसतं लोटून ठेवायची. दोरीने बांधायची, वाऱ्याने आपटू नये म्हणून. जावई दिवसकार्याला येऊन परत बोटीवर गेला. मेघना जेवत होती, औषधं घेत होती, पण दिवसेंदिवस उतरत चालली होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तपासणीला गेलो तर रक्तदाब वाढलेला. डॉक्टरांनी विचारलं, झोप लागते का? ती म्हणाली, दुपारची लागत नाही, आणि ती गेली की रात्रीचीही जाते. दोन गेलेल्या बाळांची आठवण मला प्रत्येक तपासणीला यायची, त्या दिवशी ती घरी येईपर्यंत सुटली नाही.

त्यानंतरच्या एका दुपारी मी झाकण लावून, दार लोटून मागे वळले, तर पडवीत मेघना उभी. मी पदराला हात पुसले. काय सांगावं याची जुळवाजुळव करत होते. ती म्हणाली, "आत्या, दार लाव ना."

"लावलंय की."

"लोटलंयस. बाबा लावायचे. आवाज यायचा."

मी तिथेच पायरीवर बसले. ती माझ्या शेजारी, पोट सांभाळत बसली. मग तिनं सगळं सांगितलं. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ती झोपलेली कधी नसायचीच. आधी तो सुस्कारा ऐकू यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग दार आणि कडी. "दार वाजलं की मला कळायचं, बाबा बाहेर आले. मग मला झोप लागायची. त्या दिवशी…" तिनं गोठ्याकडे बघितलं. "त्या दिवशी दार वाजलंच नाही. मी वाट बघितली आणि मग पारूबाईला हाक मारली." मी तिचा हात धरला. इतके दिवस मी ज्याच्यावर पहारा देत होते, ते तिच्याजवळ माझ्याही आधीपासून होतं. "आत्या, मी रोज ठरवायची, आज सांगू, काढा ते घर. पण रोज मला भीती वाटायची. माझ्या भीतीपायी…" आणि ती रडायला लागली. बाबा गेल्यापासून ती माझ्यासमोर अशी पहिल्यांदाच रडत होती. मी तिला दादाचं ते तारेचं बोलणं सांगितलं. नळीला एक मिनिट लागेल, पण तिच्या मनात कुठली तार घालू. मी म्हटलं, "त्याला सगळं कळत होतं, मेघना. त्यानं हे समजून उमजून निवडलं होतं, आणि मी अडवूनही ऐकलं नाही. तुझा बाप कुणाचं ऐकायचा का?" ती रडता रडता म्हणाली, "नाही." हे लिहू का, असं मी तिला परवा विचारलं, तेव्हा ती म्हणाली, लिही.

मग एका सकाळी पारूबाईने हाक मारली. नळीच्या तोंडावरच्या मातीला बारीक गोल भोक पडलं होतं आणि घर रिकामं होतं. मेघनाने पाटावर बसून स्वतःच्या हाताने तार घातली. मातीचा चुरा तिच्या तळहातावर पडला, तो तिनं तुळशीत टाकला. टाकीला आता कुणाची गरज नाही. झाकण घट्ट असलं तरी गाडी आपला श्वास आपण घेते.

आता मेघनाचा नववा चालू आहे. काय होईल ते देव जाणे; मी दिवस मोजत बसले आहे आणि गॅसचं बटण नेहमीपेक्षा जास्त वेळा बघते आहे. चिंधी रस्त्याकडे उडायला लागली की मेघना आतल्या खोलीत जाऊन आडवी होते. मी विहिरीवरून गोठ्यात जाते. करायचं काहीच नसतं. स्टुलावर जराशी बसते, दादा बसायचा तेवढी. मग बाहेर येऊन दार चांगलं जोरात ओढते आणि कडी वाजेल अशी लावते. त्यानंतर तिच्या खिडकीखालून पाय न वाजवता जाते. पोरगी झोपलेली असते.